डंखावर चुना नको, आधी काटा काढा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कीटकदंशावरच्या घरगुती उपायांची चौकट छापून आली. मधमाशी चावली तर सोडा, गांधीलमाशी चावली तर व्हिनेगर किंवा लिंबू, आणि यातले काही हाताशी नसेल तर चुना, असा तिचा एकूण मतलब. त्या चौकटीचा फोटो आता आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपत आली, कापसाची वेचणी लागली. धुऱ्यावरच्या झुडपांत, पऱ्हाटीत आणि कुटाराच्या ढिगात हात घालायचे हेच दिवस. म्हणून चौकटीत जे चुकले आणि जे सुटले ते कळवतो आहोत. पत्र लांबले आहे. कापायचेच झाल्यास शेवटून कापू नये, ही विनंती.

सुटलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काटा. मधमाशीच्या नांगीला करवतीसारखे उलटे दाते असतात. ती कातडीत रुतली की माशीला ओढून घेता येत नाही. माशी उडते तेव्हा नांगी विषाच्या पिशवीसकट तुटून आपल्या अंगात राहते. माशी मरते, पण पिशवीचे स्नायू आखडत राहतात आणि विष आत ढकलत राहतात. पिशवीतले बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत उतरते, मिनिटभरात ती जवळपास रिकामी होते. म्हणजे सोड्याचा डबा शोधायला वावरातून घराकडे निघालेला माणूस सगळे विष अंगात घेऊनच घरी पोचतो. काळा ठिपका आणि त्याला चिकटलेली पांढुरकी बारीक पिशवी दिसली की तिथल्या तिथे काढावी. नखाने खरवडा, चिमटीत धरून उपटा, विळ्याच्या बोथट पाठीने सरकवा, काहीही चालते. चिमटीत धरले तर पिशवी दाबली जाऊन उरलेले विष आत जाते, असे प्रथमोपचाराच्या वर्गांतून वर्षानुवर्षे शिकवले गेले. १९९६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या समजुतीची परीक्षा प्रसिद्ध झाली. काटा खरवडला की उपटला याने सुजेच्या आकारात फरक पडला नाही; किती सेकंदांनी काढला याने पडला.

गांधीलमाशीचे तसे नाही. तिची नांगी बरीच गुळगुळीत असते, ती परत ओढून घेते आणि पुन्हा मारते. कातडीत सहसा काही राहत नाही. तरीही 'आतले काढायला' म्हणून सुईने, बाभळीच्या काट्याने ती जागा टोकरली जाते, आणि आठवड्याने दवाखान्यात येते ती जखम डंखाची नसते, टोकरण्याची असते. ठिपका दिसत नसेल तर काढण्यासारखे काही नाही असे समजावे.

आता सोडा आणि व्हिनेगर. मधमाशीचे विष आम्लधर्मी, गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणतात, तेव्हा एकाला दुसऱ्याने मारायचे, हा हिशोब कागदावर सुबक दिसतो. पण माशी विष सोडते ते कातडीच्या वरच्या थराखाली, आणि वरून लावलेला लेप तिथवर उतरत नाही. दुसरे असे की आग होते ती काही आम्लामुळे नव्हे. मधमाशीच्या सुक्या विषात निम्म्याच्या आसपास मेलिटिन नावाचे लहान प्रथिन असते, ते पेशींची आवरणे फोडते. सोबतची विकरे त्याला साथ देतात, आणि मग आपलेच शरीर हिस्टामिन सोडून लाली, खाज आणि सूज आणते. एका डंखातले सगळे विष मिलिग्रॅमच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे. आम्लाचाच प्रश्न असता तर एवढ्याशा आम्लाला अंगातल्या रक्ताने कधीच गिळले असते.

तरी सोड्याचा लेप लावायला हरकत नाही. तो ओला असतो, वाळताना गारवा देतो, खाज थोडी दबते. तीन भाग सोड्याला एक भाग पाणी घ्यावे, चक्क्याएवढा घट्ट लेप व्हावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाकावा. खरवडलेल्या किंवा फुटलेल्या कातडीवर लावू नये. पण चौकटीत नुसते 'सोडा' छापले आहे, आणि गावच्या किराणा दुकानात सोडा म्हटल्यावर तीन पुड्या पुढे येऊ शकतात: खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पापडखार. धुण्याचा सोडा कितीतरी तिखट असतो, त्याचा ओला लेप फडक्याने बांधून ठेवला तर कातडी भाजते. पापडखारही लावू नये. एका शब्दाने काय होते, ते इथे दिसते.

सोड्याचा हिशोब खरोखर जुळतो तो एका ठिकाणी. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या नांगी मारत नाहीत. चावा घेतात आणि त्यावर पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडतात. हे आम्ल वरवरच असते, त्यामुळे साबणपाण्याने किंवा सोड्याच्या पाण्याने धुतले की आग लगेच उतरते. गडचिरोलीकडे याच मुंग्यांची चटणी वाटतात, तिचा आंबटपणा याच आम्लाचा.

काटा काढल्यावरचा खरा घरगुती उपाय म्हणजे गारवा. जागा साबणाने धुवावी आणि थंड करावी. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते, आणि कळ नेणाऱ्या नसा थोड्या बधिर होतात. बर्फ असेल तर तो फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे ठेवावा, दहा मिनिटे काढावा, असे तासभर करावे. बर्फ उघडा धरून ठेवला तर कातडी बर्फानेच भाजते, लहान मुलांची तर फार लवकर. वावरात बर्फ कुठला, असे कुणी म्हणेल. पाण्याच्या मडक्यात दुपट्ट्याचे टोक बुडवून ते जागेवर ठेवावे आणि वारा घालावा. पाणी उडून जाताना कातडीची ऊब घेऊन जाते, मडक्यातले पाणी गार राहते त्याच न्यायाने. फडके कोमट झाले की पुन्हा भिजवावे. हातापायाला डंख असेल तर तो अवयव उंच ठेवावा. आणि एक काम काटा काढल्याबरोबर करायचे, जे हमखास विसरले जाते: त्या हातातली अंगठी, बांगड्या, पाटल्या आणि पायातली जोडवी उतरवून ठेवणे. तासाभराने बोट सुजले की जोडवे तेल लावूनही निघत नाही, आणि मग पक्कड शोधावी लागते.

चुन्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचे मिश्रण) नसलेला खिसा सापडणे कठीण, आणि त्यामुळे चुना सर्वांत आधी हाती येतो. ओला चुना हा तीव्र अल्क आहे. डंखाच्या जागेवर तो चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्यात मूळ कळ काही वेळ झाकली जाते, त्यालाच आराम म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरट भाजल्यासारखा डाग दिसतो आणि तो विषाच्या नावावर खपवला जातो. लहान मुलाच्या पापणीवर किंवा गालावर चुना लावणे म्हणजे डोळ्याशी खेळ आहे. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. गेलाच तर निदान वीस-तीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा धुवावा, पापणी उलटून अडकलेले कण काढावेत आणि तसेच दवाखाना गाठावा. चघळलेला खर्रा थापणे तर त्याहून वाईट, त्यात चुन्यासोबत थुंकीही आली.

बाकीच्या उपायांचा निकाल थोडक्यात. रॉकेल आणि पेट्रोल कातडी जाळतात. शेण आणि चिखल गार लागतात हे खरे, पण त्यात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि तोच गारवा ओले फडके देते. लिंबू चोळून उन्हात कापूस वेचायला गेल्यास दोन दिवसांनी तिथे काळे-तांबडे चट्टे उठतात. लिंबाच्या सालीतले द्रव्य आणि ऊन यांचा तो संयोग, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. कच्च्या पपईचा चीक विष पचवतो म्हणतात, तो कातडीच पचवायला लागतो. टूथपेस्ट गार वाटते ती पुदिन्याच्या अर्कामुळे. नुकसान नाही, फायदाही नाही. किल्ली किंवा विळा घासतात, त्याचा गारवा लोखंडाचा. हळदीने काही बिघडत नाही, पण जागा पिवळी झाल्यावर लाली वाढते आहे की ओसरते आहे हे कुणालाच दिसत नाही.

औषधाच्या दुकानातून घ्यायचेच तर कॅलामाइन लोशन खाजेवर बरे. मोठ्या माणसाने सिट्रिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, ती झोपेच्या आधी घेतलेली चांगली. गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये. दुखण्यावर पॅरासिटामॉल. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती विचारूनच द्यावी. 'खाजेची ट्यूब' म्हणून काउंटरवरून सरकवली जाणारी तीव्र स्टेरॉइडची मिश्रणे चेहऱ्यावर आणि जांघेत लावू नयेत. सूज कशी वागते तेही माहीत असावे. काही लोकांची सूज वीतभर पसरते, दुसऱ्या दिवशी वाढते, ४८ तासांपर्यंत चढती राहते आणि उतरायला आठवडाभर घेते. ती विषाची प्रतिक्रिया असते, पू नव्हे, आणि पहिल्याच दिवशी अँटिबायोटिकचे इंजेक्शन मागून ती लवकर उतरत नाही. तीन-चार दिवसांनी उतरती सूज पुन्हा चढली, जागा तापली, पू आला किंवा ताप भरला, तर मात्र जंतू शिरले असे समजून दाखवावे.

न डसणारे दोन जीवही याच दिवसांत त्रास देतात. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणाऱ्या केसाळ अळ्यांचे केस कातडीत रुततात. चोळले की ते तुटून आणखी आत जातात. चोळू नये, पाणीही लगेच ओतू नये; पार्सल बांधायची चिकटपट्टी जागेवर हलकी दाबून उचलावी, दर वेळी नवा तुकडा घेऊन चार-पाच वेळा. मग साबणाने धुऊन गार फडके. अंगातला सदरा बदलावा, केस त्यातही अडकलेले असतात. आणि तुरी-मुगाच्या फुलांवर बसणारे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे अंगावर बसले तर चिरडू नयेत, फुंकरीने उडवावेत. त्यांच्या अंगातल्या रसाने काही तासांनी पाण्याचा फोड येतो. फोड फोडू नये. कातडीचे ते झाकण हीच मलमपट्टी.

इचूवर, म्हणजे विंचवावर, चौकटीत एकच ओळ आहे, 'चिंचोका घासून लावावा'. चिंचोका दगडावर घासून चिकटवला की तो घट्ट बसतो आणि काही वेळाने गळून पडतो. त्याने विष ओढून घेतले असा समज आहे. चिंचोक्याच्या गराचा चिकट डिंक होतो (कापडाला खळ द्यायला तो वापरतात ते याचमुळे), ओलीवर तो चिकटतो आणि वाळला की सुटतो. इचू न चावलेल्या जागीही तो तसाच चिकटतो आणि तसाच पडतो, कुणीही करून पाहावे. काळा मोठा इचू चावला तर बहुधा जागेवरची कळच भोगावी लागते आणि गार शेक व पॅरासिटामॉलवर निभावते. लहान, तांबूस इचूची गोष्ट वेगळी. त्याचे विष नसांना आणि हृदयाला डिवचते. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, पुढे दम लागणे आणि गुलाबी फेस, अशी त्याची चढण असते; लहान मुलांत ती काही तासांतच गाठली जाते. कळ ओसरली आणि अंगाला घाम सुटला, म्हणजे विष उतरले असे नव्हे. पोटॅशियम परमँगनेट टाकून लिंबू पिळणे, आगकाडीचा गूल जाळणे, दोरीने आवळणे, पात्याने चिरणे, यांतल्या कशानेही विष मागे येत नाही, वर जखम होते. रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही गोळी अशा रुग्णांना वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. ती वेळेत पोटात गेली पाहिजे. चिंचोका गळून पडण्याची वाट पाहण्यात तोच वेळ जातो. लहान मूल, किंवा कळीपलीकडचे एकही लक्षण, यांतले काही असेल तर घरात थांबू नये.

इथे आपल्या भागापुरती एक सूचना. ज्या माणसाने सकाळी फवारणी केली आणि दुपारी त्याला काही चावले, त्याला घाम, उलटी, लाळ सुटली तर ती फवाऱ्याच्या औषधानेही असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने माणसे गेली, ते सर्वांना माहीत आहे. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यावा. त्याचप्रमाणे, चावल्याचे आठवत नाही पण काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली आहे आणि ताप उतरत नाही, असे असेल तर तो स्क्रब टायफस (झुडपा-गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) असू शकतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण आढळले. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागते, लेप नव्हे.

आता आग्या मोहोळ. आग्यामाश्या उठतात त्या धुराने, दगडाने, गोफणीने, किंवा मोहोळाखाली पूजेचा धूप पेटवल्याने. एका माशीने नांगी मारली की तिथे एक वास सुटतो (पिकल्या केळासारखा) आणि तो बाकीच्यांना त्याच जागेवर बोलावतो. म्हणून माशी अंगावर चिरडणे हे आणखी माश्यांना आमंत्रण. हात फिरवू नयेत. तोंड-नाक दुपट्ट्याने झाकून, डोळ्यांपुरती फट ठेवून सरळ पळावे, आणि बंद खोली किंवा काचा चढवलेली गाडी गाठेपर्यंत थांबू नये. आग्या शेकडो मीटर पाठलाग करतात. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात, आणि धाप लागलेला माणूस बुडतो. मदतीला जाणाऱ्याने गोधडी किंवा ताडपत्री अंगावर घेऊनच जावे आणि पडलेल्यालाही तीच पांघरावी. सुरक्षित जागी आल्यावर केसांतून, कानामागून, मानेवरून सगळे काटे खरवडून काढावेत. पन्नासच्या आसपास डंख असतील, मुलाला त्याहून बरेच कमी असले तरी, माणूस बरा दिसत असताना दवाखान्यात न्यावे. इतक्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते किंवा बंदच होते. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे.

आणि ज्याच्यासाठी शेवट कापू नका म्हटले ते हे. काही माणसांना एकच डंख पुरतो. काही मिनिटांत, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, डंखापासून दूर अंगभर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-जीभ सुजतात, आवाज घोगरा होतो, घशात आवळल्यासारखे वाटते, दम लागतो, पोटात कळ येऊन उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरगुती उपाय इथे संपतात. सिट्रिझिनही पुरत नाही, ती खाज घालवते, घसा उघडत नाही. यावर एकच औषध: ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या कुपीतले अर्धे. ते डॉक्टर किंवा परिचारिकाच देणार. ही कुपी प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी, ग्रामसभेत कुणी एकाने तिची चौकशी करावी. १०८ ला फोन लावताना 'माशी चावली' इतकेच सांगू नये, 'माशी चावली आणि श्वास लागतोय' असे सांगावे. गाडी येईपर्यंत माणसाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे, पण एकदम उभे करून चालवू नये, अशा वेळी उभे राहिल्याने रक्तदाब कोसळतो. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावे. तोंडात पाणी, गूळ, काढा काही घालू नये. इंजेक्शनने बरे वाटले तरी निदान काही तास दवाखान्यातच थांबावे, कारण लक्षणे उतरून पुन्हा उलटतात. घशात किंवा जिभेवर डंख झाला असेल (उसाच्या रसाच्या गाडीवर ग्लासात न बघता घोट घेतला की होतो) तर अंगावर गांधी नसल्या तरी बर्फ चोखत दवाखाना गाठावा. आणि ज्याला एकदा असे झाले आहे त्याने पुढे मोहोळाच्या झाडाखाली एकट्याने वेचणीला जाऊ नये. त्याचे हे घरच्यांना आणि सोबतच्या मजुरांना ठाऊक असावे.

पुढच्या रविवारी चौकटीच्या जागी दुरुस्ती छापणार असाल, तर 'सोडा'च्या आधी 'खाण्याचा' हा शब्द आणि चुन्याच्या जागी १०८ हा आकडा, एवढे तरी यावे.

आपले,
एक निवृत्त आरोग्यसेविका आणि एक मधपाळ
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा
(नावे छापू नयेत)